तिसऱ्या गेटावर, गाणं नंबर चार

लगीनसराईत आली ही पोरं.
मशीनवर कुणाचा तरी गणपती अर्धा छापलेला,
माझे हात लाल.
'मामा, आमचा पहिला अल्बम येतोय.
दोनशे कव्हरं लागतील. पैसे नंतर.'
तीस वर्षं अक्षरं जुळवतोय,
नंतर हा शब्द एवढ्या ठळक टायपात
कुणी मागितला नव्हता.

यल्लोजी कंग्राळकर गातो.
दिवसपाळीला उद्यमबागेत फौंड्रीत साच्यात वाळू ठोकतो,
रात्री कानात उरलेलं लोखंड
गळ्यावाटे बाहेर काढतो.
विरूपाक्ष वडगावचा, मागाच्या घरातला.
आई सांगते, पाळण्यात असताना
माग थांबला की हा दचकून उठायचा.
आता ड्रमवर तोच धोटा, इकडून तिकडे.
इनासची गिटार कॅम्पातली, रविवारी चर्चमध्ये सभ्य,
बाकी सहा दिवस विचारू नका.
आणि मौलाली, बेसवाला, बोलतच नाही.
चार तारा आहेत, तेवढ्यात भागतं त्याचं.

बँडचं नाव 'तिसरं गेट'.
पुण्याच्या कंपनीनं फोनवर विचारलं,
साउथचे का तुम्ही?
बेंगळूरचा माणूस म्हणाला, नॉर्थचे ना?
इनास म्हणाला, गेटाजवळचे.
दोन्हीकडून फोन ठेवला गेला.

मग प्रश्न आला अक्षरांचा.
या गावात पाटी रंगवणारासुद्धा
आधी मागं-पुढं बघतो, मग ब्रश बुडवतो.
वर मराठी, की वर कन्नड?
दोन दिवस चहा माझा, भांडण त्यांचं.
शेवटी मौलालीनं खिशातून रुपया काढला, उडवला,
तो घरंगळत गेला कटिंग मशीनखाली.
अजून तिथंच आहे.
छापा की काटा, मी वाकून बघितलेलं नाही.
शंभर अशी छापली, शंभर तशी.
त्यात चौदा उलटी निघाली.
ती मी ठेवून घेतली.

रेकॉर्डिंग विरूपाक्षच्या काकाच्या खोलीत,
रुळांपासून पन्नास पावलं.
भिंतींना गाद्या, खिडकीत पोती,
तरी चौथ्या गाण्यात मालगाडी शिरली.
नऊ वेळा गायले. नऊ वेळा आली,
कधी खानापूरकडून, कधी मिरजेकडून.
यल्लोजी घाम पुसत म्हणाला, असू दे की.
तीबी बँडातच आहे म्हणायचं.

प्रकाशन म्हणजे इनासच्या मावशीची ओमनी.
सीडी वाजवणारं यंत्र आमच्यात तेवढंच उरलेलं.
पूल तेव्हा व्हायचा होता. गेट पडलेलं.
आम्ही सहा जण, मांडीवर कुंद्याचा डबा,
दारं उघडी, आवाज शेवटपर्यंत पिळलेला.
मागं रांग: उसाचा ट्रॅक्टर, शाळेची रिक्षा,
खानापूरची बस, दुधाच्या कॅनवाल्या फटफट्या.

पहिलं गाणं कुणालाच कळलं नाही.
दुसऱ्याला रिक्षातल्या पोरांनी तोंडं वेडावली.
तिसरं कन्नडमधलं. ट्रॅक्टरवाला खाली उतरला,
टपाला हात टेकून ऐकलं, म्हणाला, छलो ऐती,
आणि परत जाऊन बसला.
चौथ्यात, दोन मिनिटं झाली असतील,
भोंगा.

सगळ्यांनी किक मारल्या. बसनं धूर सोडला.
गेटमन कोठडीतून धावत बाहेर,
हिरवा झेंडा काखेत, एक चप्पल पायात.
उजवीकडं बघतो, रिकामं.
डावीकडं बघतो, रिकामं.
गाडी तर चाललीये, धडधडत, डब्यामागून डबा,
आणि रुळावर नुसता एक कावळा.

तो तसाच ओमनीपाशी आला.
शिव्या घालेल वाटलं. यल्लोजीनं डबा पुढं केला.
गेटमननं कुंदा घेतला, चाटत म्हणाला,
'किती डबे?'
'बेचाळीस,' विरूपाक्ष म्हणाला.
'एक्केचाळीस. ब्रेकव्हॅन धरायची नसते.
परत लावा बघू.'

परत लावलं.
मधेच खरी गाडी आली, गेली, गेट वर गेलं.
कुणीच किक मारली नाही.